गुलाबी रंग कशाचा?

शाळाशाळांच्या विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता हमखास असतो : ‘अन्नातील भेसळ ओळखा’. तक्त्यापुढच्या टेबलावर सात-आठ परीक्षानळ्या, ड्रॉपर, हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली, आयोडीनचे द्रावण आणि एक चुंबक. मिरचीपूड पाण्यात टाकली की विटेचा भुगा तळाशी बसतो. रव्यात लोखंडाचा कीस असेल तर तो चुंबकाला चिकटतो. दुधात पिष्ट घातले असेल तर आयोडीनने निळा रंग येतो. सातवीच्या सामान्य विज्ञानाचे जे पुस्तक २०१७ साली आले, त्यात ‘अन्नपदार्थांची सुरक्षा’ नावाचे स्वतंत्र प्रकरण होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तर ‘डार्ट’ या नावाने अशा घरगुती चाचण्यांची एक पुस्तिकाच काढली आहे. या चाचण्या मुलांना आवडतात. आम्हालाही आवडतात. रंग बदलतो, काहीतरी ‘सापडते’, आणि मुले घरी जाऊन आईच्या डब्यातली हळद तपासतात.

तरीही या तक्त्याबद्दल आमची एक तक्रार आहे. चाचणी कशी करायची हे तो सांगतो. चाचणीने नेमके काय दाखवले, हे सांगत नाही. स्वस्त तयार खाद्यपदार्थांत खरोखर काय असते हे जाणून घ्यायचे असेल, तर सारी गोम याच दुसऱ्या प्रश्नात आहे. उदाहरण म्हणून आपण या तक्त्यातली एकच ओळ घेऊ. बहुतेक तक्त्यांत ती असते : ‘बेसन – खेसरी डाळ – विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पंधरा मिनिटे गरम पाण्यात ठेवा – गुलाबी रंग आल्यास भेसळ आहे.’

भंडारा जिल्ह्यातल्या शाळेत ही ओळ लिहिली गेली, तर एक गंमत होते. खेसरी म्हणजे काय हे तिथल्या मुलाला ठाऊक नसते. पण लाखोरी म्हटले की त्याला सगळे ठाऊक असते. तीच ही डाळ. कृषी खात्याच्या कागदात तिला लाखोळी म्हणतात, इतरत्र नुसते लाख, पलीकडे छत्तीसगडात तिवडा. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत धान कापणीला येण्याआधीच, उभ्या पिकात, ओल असताना लाखोरी फेकून पेरतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघाले की उरलेल्या ओलीवर हे पीक वाढते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, डाळीचे वरण आणि वडे होतात, जनावरांना कुटार मिळते. पाऊस कमी झाला तरी दगा न देणारे हे पीक, आणि प्रथिने पंचवीस टक्क्यांहून अधिक. लाखांदूर किंवा पवनीकडच्या मुलाच्या दृष्टीने तक्त्यातली भेसळ ही त्याच्या शेतातली डाळ असते, आणि त्याला ती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते : दाणा वाटोळा नसतो, एका बाजूला उतरता, पाचरीसारखा असतो. डाळ सबंध असेल तर ‘डार्ट’ पुस्तिकाही हीच आकाराची खूण सांगते.

मग हिला भेसळ का म्हणायचे? याचे उत्तर तक्त्यात नसते आणि ते द्यायला हवे. लाखोरीत एक अमिनो आम्ल असते, त्याचे लघुनाम ओडीएपी. ते लाखोरीतून वेगळे करून त्याची रचना १९६४ साली प्रसिद्ध करणाऱ्यांत बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील राव, अडिगा व शर्मा हे होते. हा पदार्थ मज्जापेशींना घातक असतो. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखोरीच खाल्ली, जोडीला दुसरे धान्य फारसे नसले, तर काही माणसांच्या पायांतली शक्ती जाते. पाय ताठतात, काठीशिवाय चालता येत नाही, आणि हे पांगळेपण कायमचे असते. आयुर्वेदात त्याला कलायखंज हे नाव फार पूर्वीपासून आहे. आधुनिक वैद्यक त्याला लॅथिरिझम म्हणते. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात हा रोग मोठ्या प्रमाणावर होता. तिथे बांधलेल्या शेतमजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळत असे. म्हणजे विष डाळीत होते हे खरे, पण त्याची मात्रा ठरवत होती ती दुष्काळाची आणि वेठीची परिस्थिती.

१९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधाच्या नियमांत या डाळीच्या विक्रीला बंदी करणारे कलम आले. पुढे नवा कायदा झाल्यावर २०११ च्या नियमावलीतही ते उतरले. त्याची भाषा वाचण्यासारखी आहे. राज्य सरकार अधिसूचनेने जी तारीख ठरवील त्या तारखेपासून त्या राज्यात ही डाळ, तिचे पदार्थ किंवा हरभऱ्यात अगर अन्य डाळीत तिचे मिश्रण विकता येणार नाही, असे ते म्हणते. सगळ्याच राज्यांनी अशी अधिसूचना काढली नाही. म्हणजे एकच डाळ एका राज्यात गुन्हा आणि सीमेपलीकडे अन्न, असे चालले. नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून अनेक वर्षे मोहीम चालवली. शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली : विष कमी असलेले वाण शोधण्याची. रतन, प्रतीक आणि महातिवडा हे ते वाण. जुन्या वाणांत ओडीएपी जितके असते त्याच्या काही अंशानेच, म्हणजे दाण्याच्या सुमारे ०.१ टक्का किंवा त्याहून कमी, ते या वाणांत असते. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने या तीन वाणांना अनुकूल मत दिल्याची बातमी आली, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. शिवाय डाळ भिजवून किंवा उकळून ते पाणी टाकून दिले, तर विषाचा बराच भाग पाण्याबरोबर जातो. हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून अनेक घरांतल्या बायकांना माहीत आहे.

आता परीक्षानळीकडे परत येऊ. गुलाबी रंग आला. हा रंग ओडीएपीचा का? नाही. आम्लात उकळल्यावर ओडीएपीचे तुकडे होतात : एक साधे अमिनो आम्ल आणि ऑक्झॅलिक आम्ल. दोन्ही रंगहीन. म्हणजे गुलाबी रंग दाण्यातल्या दुसऱ्याच कशाचा तरी आहे. अनेक बियांच्या सालीत टॅनिन वर्गातली अशी द्रव्ये असतात, की ती स्वतः रंगहीन असली तरी तापलेल्या आम्लात लाल-गुलाबी होतात. ज्याने पाय जातात तो पदार्थ या नळीत दिसतच नाही. तो मोजायचा तर वेगळी प्रयोगशाळेतली रीत लागते. जुनी लाखोरी आणि कमी विषाचा महातिवडा यांतला फरक आमची गुलाबी चाचणी सांगू शकणार नाही. आणि लाखोरीचे बेसन रोज खाणारा आणि दिवाळीला एकदा शेव खाणारा यांतला फरक तर कोणतीच नळी सांगणार नाही.

गोष्ट इथे संपत नाही. बेसनाच्याच चाचणीत दुसरा गुलाबी रंग आहे, मेटॅनिल यलोचा. हा कापड-कागदासाठी असलेला रंग खाद्यपदार्थांत वापरायला मनाई आहे. तो खरे तर आम्लाचा दर्शक आहे, लिटमसच्या जातीचा. तीव्र आम्लात पिवळ्याचा लाल होतो. म्हणून थंडीतच, ताबडतोब, किरमिजी रंग येतो. बेसनाच्या शेवेत हळद असेल तर तीही संहत आम्लात लालसर होते, पण पाणी घालून विरल केले की तो लालपणा जातो. मेटॅनिल यलोचा राहतो. आणि तिसरा लाल रंग तुपाच्या चाचणीत : तुपात वनस्पती तूप मिसळले असेल तर साखर आणि आम्ल घालून हलवल्यावर गडद लाल रंग. तीन चाचण्या, एकच आम्ल, जवळपास एकच रंग, कारणे तीन. तक्त्यात तिन्ही एकाखाली एक लिहिलेल्या असतात. मुलाच्या मनात त्यातून एवढेच उरते, की आम्ल टाकल्यावर गुलाबी झाले म्हणजे दुकानदार चोर.

तिसऱ्या चाचणीची हकीकत आम्हाला सर्वांत बोधप्रद वाटते, म्हणून थोडे तिच्यापाशी थांबू. तुपाच्या चाचणीत लाल होते ते वनस्पती तूप नव्हे, तर तिळाचे तेल. वनस्पती तूप दिसायला, वासाला तुपासारखेच केलेले. एकदा मिसळले की वेगळे ओळखणे अवघड. म्हणून सरकारने कारखानदारांवर असे बंधन घातले होते, की वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे. का? तर तिळाच्या तेलात एक द्रव्य आहे, ते साखर-आम्लाबरोबर लाल होते. म्हणजे पदार्थात मुद्दाम एक खूण पेरून ठेवली. कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट नीट कळली होती : कारखान्यात पदार्थाचे मूळ रूप गेले की डोळा, नाक, जीभ निरुपयोगी होतात, ओळख पटवायची तर ती बाहेरून द्यावी लागते. पण आज कोणी तुपात नुसते पाम तेल मिसळले, तर त्यात तीळ नाही आणि आपली चाचणी गप्प बसेल. चाचणी नकारार्थी आली म्हणजे तूप शुद्ध, असा निष्कर्ष वहीत लिहिला जातो तो चुकीचा असतो.

बेसनाचेही तसेच. नियमाप्रमाणे बेसन म्हणजे साल काढलेल्या हरभऱ्याचे पीठ, दुसरे काही नाही. पण हरभऱ्याची जागा घ्यायला आज लाखोरीच लागते असे नाही. पिवळा वाटाणा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये त्याची आयात शुल्कमुक्त केली, आणि कॅनडा-रशियाचा वाटाणा मोठ्या प्रमाणावर आला. त्याचे पीठ विषारी नाही, वाईटही नाही, हरभऱ्यापेक्षा स्वस्त असते इतकेच. ते बेसनात गेले तर गुलाबी रंग येईल अशी आशा नको. त्या वाटाण्याच्या सालीत रंग देणारी ती द्रव्ये जवळजवळ नसतात. जात्यातून दोन्ही पिठे सारखीच पिवळी निघतात. भंडाऱ्याच्या मुलाला दाणा ओळखता येत होता. पीठ झाल्यावर त्याचे ते ज्ञान संपले. आणि आठवडी बाजारातल्या आलूबोंड्यात, भज्यात, किलोवर मिळणाऱ्या शेवेत जे जाते ते पीठच असते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की भेसळीचा धडा ‘काय नसायला हवे होते’ एवढ्यावर थांबतो, आणि ‘काय आहे’ हा प्रश्न विचारतच नाही. स्वस्त पाकिटातले बहुतेक सर्व काही कायद्याने चालणारे असते. पामोलिन चालते. १०२ आणि ११० क्रमांकाचे रंग ठरावीक पदार्थांत ठरावीक मात्रेत चालतात. त्यांवर आम्ल टाकून काही होणार नाही. मीठ तर चालतेच. आमच्या तक्त्यात पाच रुपयांचे पोंग्यांचे पाकीट पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते, आणि धुऱ्यावरची लाखोरी नापास.

हे ओळखायचे साधन परीक्षानळी नाही, पाकिटाची पाठ आहे. पण शाळेत पाकिटाची पाठ वाचायला शिकवत नाहीत, आणि ती वाचता येईल अशी छापलेलीही नसते. २०२० च्या लेबल नियमांनुसार मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. आणखी एखादी भाषा घालायला हरकत नाही, पण सक्ती नाही. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलाला त्याच्या भाषेत सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. ही फार उपयोगी गोष्ट आहे : पहिली तीन नावे वाचली तरी पाकिटात मुख्यतः काय आहे ते कळते. रंगांची नावे न देता नुसते आंतरराष्ट्रीय क्रमांक दिले तरी चालतात. ते मात्र कळत नाही. पोषणाच्या तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये असते. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. हा गुणाकार पाचवीचा विद्यार्थी करू शकतो. तो भेसळीच्या तक्त्यात कधी आमच्या पाहण्यात आला नाही.

याच नियमांत एक सूट आहे. ज्या वेष्टनाचे पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्यावर घटकांची यादी आणि पोषणाची माहिती नसली तरी चालते. ती घाऊक खोक्यावर असली म्हणजे झाले. जागाच नाही तर छापणार कुठे, हे कारण वाजवी आहे. पण हिशेब करून पाहा. सात सेंटिमीटर बाजूची चौकोनी पुडी : एक बाजू ४९, दोन्ही मिळून ९८. सुटली. सगळ्यांत लहान पुडी ही सगळ्यांत स्वस्त पुडी असते, आणि ती घेणारा ग्राहक बहुधा तिसरी-चौथीत असतो. घाऊक खोके दुकानदार उघडून फेकून देतो. गणिताच्या शिक्षकांना पृष्ठफळासाठी याहून चांगले साहित्य मिळणार नाही.

खोक्यावर, गोणीवर लिहिलेले खाणाऱ्यापर्यंत न पोचणे ही केवळ गोळ्या-चॉकलेटांची गोष्ट नाही. भंडारा धानाचा जिल्हा. इथल्या राईस मिल सरकारी धानाची भरडाई करतात. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी पोषणमूल्य वाढवलेल्या तांदळाची घोषणा केली, आणि मार्च २०२४ पर्यंत रेशन, अंगणवाडी आणि शालेय पोषण आहार यांतला तांदूळ टप्प्याटप्प्याने तसा झाला. यासाठी तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकाराचे तुकडे काढतात, आणि शंभर किलो तांदळात असे एक किलो दाणे मिलमध्येच मिसळतात. शेवयाच्या सोऱ्यासारखाच प्रकार. ज्यांचे हात आयुष्यभर तांदूळ निवडण्यात गेले, त्यांना हे दाणे वेगळे दिसणारच. रंग किंचित निराळा, काही पाण्यावर तरंगणारे. देशात अनेक ठिकाणी ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ अशी अफवा उठली. अनेकांनी ते दाणे वेचून फेकले. त्यांना आम्ही अडाणी म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांनी अचूक निरीक्षण केले होते. निरीक्षणाचा अर्थ सांगायला कोणी आले नव्हते.

याच तांदळाच्या बाबतीत एक गंभीर गोष्ट होती. २०१८ च्या नियमांनुसार लोह मिसळलेल्या अन्नाच्या वेष्टनावर सूचना छापणे सक्तीचे होते : थॅलेसेमियाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे, आणि सिकलसेलच्या रुग्णांनी घेऊ नये. पूर्व विदर्भात सिकलसेल हा शब्द प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असतो. अनेक शाळांत असा एखादा विद्यार्थी असतोच. रेशनचा तांदूळ मात्र गोणीतून मापून पिशवीत पडतो, आणि शाळेतली गोणी स्वयंपाकघरात रिकामी होते. सूचना गोणीवर राहते. पुढे २०२४ साली केंद्र सरकारने तज्ज्ञ समितीच्या आधारे जाहीर केले, की असा तांदूळ या रुग्णांनाही सुरक्षित आहे आणि सूचनेची गरज नाही. समितीचा निष्कर्ष बरोबर असेल. तो तपासण्याची ही जागा नव्हे. पण मधली वर्षे पाहा. ज्या काळात सरकारच्या स्वतःच्या नियमानुसार ही सूचना महत्त्वाची होती, त्या काळात ती ज्याच्यासाठी होती त्या मुलाने ती वाचलेली नाही. आणि ती मागे घेतली गेली हेही त्याला कळलेले नाही.

इथे शिक्षकाची भूमिका येते. शालेय पोषण आहाराचे धान्य शाळेत उतरते तेव्हा गोणी मोजून घेणारा, नोंदवहीत सही करणारा बहुतेक ठिकाणी शिक्षकच असतो. त्या कामाबद्दल शिक्षकांची रास्त तक्रार आहे, आणि आम्ही ती समजू शकतो. पण गोणीचे लेबल ज्याच्या हाताखालून जाते असा गावातला तो जवळजवळ एकटा वाचता माणूस आहे. रिकामी गोणी फेकण्याआधी तिच्यावरचा छापील भाग कापून फळ्याशेजारी लावला, त्यातला प्रत्येक शब्द मुलांनी मराठीत लिहिला, तर एक तास त्यात सहज जाईल. पुढच्या तासाला तेलाच्या पाकिटाचे, मग मिठाचे, मग मुलांनी खिशातून काढलेल्या पुड्यांचे. यादीत पहिले नाव कोणते, ज्या वस्तूचे चित्र समोर छापले आहे ती यादीत कितव्या क्रमांकावर आहे, एवढे दोन प्रश्न पुरतात.

तक्ता फाडून टाका असे आम्ही म्हणत नाही. चाचण्या जरूर कराव्यात, पण प्रत्येक चाचणीसमोर एक रकाना वाढवावा : ‘रंग कोणत्या द्रव्यामुळे आला?’ आणि त्यापुढे आणखी एक : ‘या चाचणीत काय सापडणार नाही?’ बेसनाच्या ओळीत हे दोन रकाने भरायला बसल्यावर वर्गातल्या कोणाच्या तरी घरून लाखोरीचे मूठभर दाणे येतीलच. ते, हरभऱ्याची डाळ आणि पिवळा वाटाणा वेगवेगळे दळून तीन नळ्यांत घ्यावेत, चौथ्या नळीत बाजारातले सुटे बेसन. आम्ल विरलच घ्यावे आणि नळी शिक्षकाने स्वतः धरावी.

सुट्या मालाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. ज्याला वेष्टन नाही त्याला पाठही नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ताटापुढे ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावण्याचा नियम आला. पेढा केव्हा खराब होईल हे त्या पाटीवरून कळते. तो खव्याचा आहे की दूधपावडर-वनस्पतीचा, हे कळत नाही. फरसाणाच्या ताटापुढे तर तेवढीही पाटी नसते. तिथे ग्राहकाच्या हाती एकच उपाय उरतो : शेव कसली आहे आणि कोणत्या तेलात तळली आहे, हे दुकानदाराला विचारणे. मुलांनी असे विचारले तर दुकानदार बहुधा हसतो, पण पाच मुलांनी पाच दिवस विचारले तर उत्तर देतो.